वर्गाच्या दारावर हिवाळा: १६५ रुपयांत की १,३८० रुपयांत?

माझ्या टेबलाच्या खणात दोन बिलं जपून ठेवली आहेत. एक १,३८० रुपयांचं, दुसरं १६५ रुपयांचं. दोन्ही एकाच दाराची आहेत, चौथीच्या वर्गाच्या.

पहिल्या वर्षी बाजारातून तयार स्नोमॅन आणले, बर्फाच्या पाकळ्या आणल्या, कापसाच्या गुंडाळ्या, झिरमिळ्या आणि दिव्यांची माळ आणली. शाळा सुटल्यावर आम्ही तीन शिक्षिकांनी संध्याकाळपर्यंत थांबून ते सगळं दारावर चढवलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी दार पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि वर्गात जाऊन बसली. आठवड्याभरानं त्या दाराकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मुलांनी घरातल्या जुन्या कागदांची गोधडी केली. फेब्रुवारी संपेपर्यंत मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी दारापाशी उभं राहून आपलं ठिगळ मैत्रिणीला दाखवत होतं.

ही दोन बिलं शेजारी ठेवली, की एक गोष्ट लख्ख दिसते. मुलांचा हात जितका कमी, तितका पैसा जास्त. म्हणून या लेखात दर तर दिले आहेतच, शिवाय कुठला खर्च मुलांच्या हातांना वाव देतो आणि कुठला त्यांचे हात बांधून ठेवतो, हेही सांगितलं आहे. इथले दर साध्या दुकानातले, अंदाजे आहेत. तुमच्या गावात ते थोडे वर-खाली होतील, म्हणून प्रत्येक हिशेबावर दहा टक्के जादा धरून चला.

आधी दार मोजा

बाजारात जाण्याआधी मोजपट्टी घ्या. हे काम मुलांनाच द्या, मापनाचा धडा आयता होतो. वर्गाचं दार साधारण साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच असतं, म्हणजे ४२ इंच बाय ८४ इंच. क्षेत्रफळ साडेचोवीस चौरस फूट. पूर्ण आकाराची कार्डशीट २२ बाय २८ इंचांची मिळते. ती उभी धरून दोन शेजारी आणि तीन एकाखाली एक लावली, की ४४ बाय ८४ इंच झाकले जातात. म्हणजे सहा शीट्स पुरतात. रुंदीत दोन इंच उरतात, ते मधल्या सांध्यावर एकमेकांवर घ्या.

हे गणित घरी केलं नाही, तर दुकानात ‘असू द्या, दहा-बारा न्या’ असा सल्ला मिळतो आणि निम्मे कागद कपाटावर धूळ खात पडतात. दाराला दोन झडपा असतील तर प्रत्येक झडप वेगळी मोजा. कडी, कुलूप आणि बिजागरीची जागा मोकळी सोडा. दारात काच असेल तर ती झाकू नका, आतबाहेरचं दिसलं पाहिजे.

पाया: दाराला चिकटवू नका, दारावर टांगा

सगळ्यात मोठी बचत इथे आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. घरातली जुनी चादर किंवा साडी दाराच्या मापाची दुमडून घ्या. वरच्या काठाला शिवण घालून त्यातून बांबूची कामठी किंवा काठी सरकवा. काठीच्या दोन टोकांना सुतळी बांधा आणि दाराच्या वरच्या बाजूला अडकवा. सजावट सगळी या कापडावर करायची.

याचे फायदे तीन. मुलांना जमिनीवर बसून काम करता येतं, कुणालाही स्टुलावर चढावं लागत नाही. दाराचा ऑइलपेंट निघत नाही. दुतर्फी चिकटपट्टी ओढून काढताना रंगाचे पोपडे निघाले, तर दार पुन्हा रंगवायचा खर्च सजावटीच्या कितीतरी पट होतो. आणि तिसरं म्हणजे सजावट गुंडाळून ठेवता येते, कापड पुढच्या वर्गाला कामी येतं. खालची दोन टोकं मात्र मास्किंग टेपनं दाराला धरून ठेवा, नाहीतर वाऱ्यानं फडफडतात.

डिंक: विकतचा की घरचा?

पांढऱ्या डिंकाची १०० ग्रॅमची बाटली पन्नास रुपयांच्या आसपास येते. छोट्या नळ्या स्वस्त वाटतात, पण ग्रॅममागे भाव काढला की त्याच महाग पडतात. कागदावर कागद चिकटवायचा असेल तर खळ पुरते. अर्धी वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, त्यात दोन वाट्या पाणी घाला आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवा. खर्च पाच रुपयांच्या आत. पुस्तकं बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या हाती द्यायच्या खळीत ते घालू नका, ते विषारी असतं. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून त्या दिवसापुरतीच करा आणि रात्रभर कागद वाळू द्या.

काड्या, कापूस, बोंडं अशा जड वस्तूंसाठी मात्र विकतचा डिंकच घ्या. तिथे खळ टिकत नाही.

कुठला हिवाळा लावायचा?

बर्फाचा माणूस आपल्या दारावर आणण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारा: ‘तुम्हाला थंडी पडलीय हे सकाळी कशावरून कळतं?’ माझ्या वर्गातली उत्तरं अशी होती: तोंडातून वाफ येते, आजी शेकोटी पेटवते, खोबरेल तेल गोठतं, बोरं येतात, शेतात हुरडा होतो, अंगणात शेपटी हलवणारा पक्षी येतो. तो पक्षी म्हणजे धोबी, तो थंडीतच आपल्याकडे येतो. ही सगळी सामग्री फुकट आहे आणि मुलांना तोंडपाठ आहे. खाली तीन दारांचा हिशेब देते. वर्ग ३५ मुलांचा धरला आहे.

दार पहिलं: कागदी गोधडी, एकूण १६५ रुपये

गोधडी म्हणजे थंडीच. शिवाय तिचा नियमच असा, की नवं काही आणायचं नाही. दारावर सहा इंचांची चौकोनी ठिगळं लावली, तर रुंदीत सात आणि उंचीत चौदा बसतात, म्हणजे एकूण ९८. प्रत्येक मुलानं तीन केली तर १०५ होतात, सात राखीव राहतात. खळ सांडते, कोपरा फाटतो, तेव्हा ती लागतातच.

ठिगळांना कागद घरचाच: जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, भेटवस्तूंची वेष्टनं, वह्यांची पुठ्ठ्याची पानं, मासिकं. ठिगळाच्या कडेनं पंचिंग मशीननं भोकं पाडून लोकरीचा धावदोरा घालायचा. तिसरी-चौथीच्या मुलांना तो सहज जमतो. पहिली-दुसरीच्या मुलांना दोऱ्याऐवजी खडूनं तुटक रेघा काढू द्या.

- कॅलेंडरं, पत्रिका, वेष्टनं: ० रुपये
- खळीसाठी मैदा: ५ रुपये
- लोकर, दोन गुंड्या: ६० रुपये
- काठासाठी दोन कार्डशीट्स: ३० रुपये
- सुतळी: ३० रुपये
- मास्किंग टेप: ४० रुपये

मुलामागे खर्च ४ रुपये ७१ पैसे. हा भागाकार वर्गात फळ्यावर करून घ्या.

वेळ मात्र या दाराला जास्त लागतो. कागद कापायला एक तासिका, धावदोऱ्याला दोन आणि चिकटवायला एक, अशा चार तासिका धरा. कला आणि कार्यानुभवाच्या तासात त्या बसतात. कापण्याआधी पुठ्ठ्याचे सहा इंची चौकोन साचा म्हणून पाच-सहा करून ठेवा. नाहीतर प्रत्येकाचं ठिगळ निराळ्या मापाचं होतं आणि शेवटी शिक्षकालाच एकट्यानं कात्री घेऊन बसावं लागतं.

दार दुसरं: ज्वारीचं शेत आणि भोरड्या, एकूण ३१५ रुपये

भोरडी, म्हणजेच पळसमैना, मध्य आशियाच्या बाजूनं हिवाळ्यात आपल्याकडे थव्यानं येते. गुलाबी अंग, डोकं, पंख आणि शेपूट काळी. ज्वारीच्या कणसांवर हे थवे उतरतात, म्हणून शेतकऱ्यांची मुलं त्यांना चांगलं ओळखतात. शहरातल्या मुलांना त्या संध्याकाळी मोठ्या झाडांवर कलकलाट करताना दिसतात.

पार्श्वभूमीला निळ्या कार्डशीट्स, खाली ज्वारीची वाळकी पानं, चुरगळलेल्या खाकी कागदाची कणसं आणि प्रत्येक मुलाची एक भोरडी. एका कार्डशीटमधून सात इंचांचे बारा चौकोन निघतात, म्हणून ३५ पक्ष्यांना तीन शीट्स पुरतात.

- निळ्या कार्डशीट्स, सहा: ९० रुपये
- गुलाबी कार्डशीट्स, तीन: ४५ रुपये
- काळा आणि पांढरा पोस्टर रंग: ६० रुपये
- पांढरा डिंक, १०० ग्रॅम: ५० रुपये
- मास्किंग टेप: ४० रुपये
- सुतळी: ३० रुपये
- ज्वारीची पानं, खाकी कागद: ० रुपये

मुलामागे ९ रुपये. कणसांना खरे दाणे चिकटवू नका. चार दिवसांत मुंग्या आणि उंदीर दारापाशी येतात.

याच हिशेबात गावागावाचा हिवाळा बसतो. ठाणे किंवा नवी मुंबईच्या शाळेनं खाडीतले रोहित पक्षी करावेत. नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथल्या मुलांनी पाणपक्ष्यांचं दार करावं. कोकणात आणि गोव्यात आंब्याचा मोहर आणि किनाऱ्यावर उतरणारे कुरव आहेत. आणि विदर्भातल्या शाळांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: कापूस बर्फ म्हणून चिकटवू नका, कापूस म्हणूनच लावा. पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या, उमललेली बोंडं, वेचणीला निघालेल्या बाया. तुमच्या मुलांच्या घरातला हिवाळा तो आहे आणि त्याला दुकानात जावं लागत नाही.

दार तिसरं: संक्रांतीचे पतंग, एकूण २९० रुपये

संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतात, म्हणून पार्श्वभूमी काळी घ्या. तिच्यावर पतंगी कागदाचे रंग खुलून दिसतात. पतंगी कागदाच्या एका मोठ्या तावातून नऊ इंचांचे सहा पतंग निघतात, ३५ मुलांना सहा ताव पुरतात. कामट्यांऐवजी जुन्या खराट्याच्या काड्या वापरा. हलव्याचे दाणे म्हणून पेन्सिलीचं मागचं टोक पांढऱ्या रंगात बुडवून काळ्या कागदावर ठिपके द्या. खरा हलवा किंवा तीळ लावले तर मुंग्या लागतात.

- काळ्या कार्डशीट्स, सहा: ९० रुपये
- पतंगी कागद, सहा ताव: ३० रुपये
- सुती दोऱ्याचं रीळ: २० रुपये
- पांढरा पोस्टर रंग: ३० रुपये
- पांढरा डिंक, १०० ग्रॅम: ५० रुपये
- मास्किंग टेप: ४० रुपये
- सुतळी: ३० रुपये

मुलामागे ८ रुपये २९ पैसे. हे दार दोन तासिकांत होतं, म्हणून उशीर झालेल्या वर्गांना सोयीचं. दोरा सुतीच घ्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. शाळेच्या दारावर तो सजावटीलाही लटकू नये.

तयार दार: ते १,३८० रुपये कुठे गेले?

तुलनेसाठी माझं पहिलं बिल उघडून दाखवते. तयार कटआउट ४८०, कापूस २००, झिरमिळ्या १८०, दिव्यांची माळ १५०, ग्लू गन आणि तिच्या कांड्या २५०, दुतर्फी चिकटपट्टी १२०. यातला एकही खर्च मुलांच्या हाती काम देत नाही. ग्लू गन तर त्यांच्या हातात द्यायचीच नसते, भाजतं.

काही शाळा फ्लेक्स छापून घेतात. चौरस फुटाला १५ रुपये धरले तर साडेचोवीस फुटांचे ३६७ रुपये होतात, मजकूर आणि चित्र जुळवण्याचे पैसे वेगळे. पुढच्या वर्षी तो फ्लेक्स कशाच्याच उपयोगाचा नसतो.

हे विकत घेऊ नका

थर्माकोल: महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर आहे. दुकानदार मागच्या खोलीतून काढून देत असला तरी घेऊ नका. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही त्याच बंदीत येतात.

बटन सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या माळा: हे सेल नाण्यासारखे चपटे असतात. लहान मुलानं गिळला तर अन्ननलिका भाजते आणि जीवावर बेततं. दिवे लावायचेच असतील, तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारेच घ्या. माझं मत विचाराल तर लावूच नका. दार दिवसा बघायचं असतं.

चमकी: ती प्लास्टिकचीच असते. डोळ्यांत जाते, झाडून निघत नाही.

गुंजा: लालबुटुक दिसतात म्हणून मुलं रानातून गोळा करून आणतात. गुंजेचं बी विषारी आहे. डोळ्यांसाठी काळ्या कागदाचे ठिपके पुरे.

खरेदी कधी, कुठे, कशी?

दिवाळीनंतर सजावटीच्या रंगीत कागदांचा उरलेला माल दुकानदार कमी भावात काढतात. पतंगी कागदाला मागणी जानेवारीत असते. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरेदी उरका. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट इथे घाऊक भाव मिळतो, पण तिथे सुटे चार-सहा कागद मागून फायदा होत नाही. शाळेतल्या तीन-चार वर्गांची यादी एकत्र करा आणि एकालाच पाठवा. एका वर्गासाठी लांबच्या बाजारात गेलात, तर रिक्षाचं भाडं बचतीपेक्षा जास्त होतं. तेव्हा गावातलं दुकानच बरं.

कार्डशीट घेताना ‘पूर्ण की अर्धी’ हे आधी विचारा. दोन दुकानांच्या दरांतला फरक पुष्कळदा मापातलाच निघतो. शीट उजेडाकडे धरून पाहा. पलीकडची बोटं दिसली तर कागद पातळ आहे, रंग लावला की सुरकुतेल.

पाकिटावरच्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल, शार्पनर आणि खोडरबर यांच्यावर जीएसटी नाही, बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. बिल मागणं हा तुमचा हक्क आहे. ते नाकारलं किंवा जास्त पैसे घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पैसे कुणाचे?

मुलांकडून वर्गणी गोळा करू नका. दहा रुपये ही रक्कम सगळ्या घरांत सारखी नसते आणि ज्यानं आणले नाहीत त्याचं नाव वर्गात घेतलं गेलं, तर ते दार त्या मुलाला कायमचं परकं होतं. घरून मागायचंच असेल तर जुना कागद मागा, तो प्रत्येक घरात असतो. तोही एका पेटीत एकत्र करा, म्हणजे कुणी किती आणला ते दिसत नाही. रोख खर्च शाळेच्या निधीतून व्हावा आणि त्यासाठी मुख्याध्यापकांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे आधीच यादी ठेवा. १६५ रुपयांच्या यादीला नकार मिळाल्याचं मला आठवत नाही. बरेचदा शिक्षक स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि बोलत नाहीत. तसं करू नका. आज तुम्ही घातलेत, तर उद्या नवीन आलेल्या शिक्षकालाही घालावे लागतात.

उतरवायचं कधी?

खळीनं चिकटवलेलं दार दोन महिन्यांच्या वर ठेवू नका, झुरळं आणि वाळवी येतात. जानेवारीत लावलं असेल तर होळीच्या आधी उतरवा. सुतळी आणि काठी जपून ठेवा, कापड धुऊन घ्या. पुढच्या वर्षीचं गोधडीचं बिल त्यानं तीस रुपयांनी कमी होतं.

गोधडी आम्ही उतरवली, तेव्हा प्रत्येकानं आपापली ठिगळं काढून घरी नेली. एका मुलीनं आपलं आणलेलं लग्नपत्रिकेचं ठिगळ उलटून दाखवलं. मागच्या बाजूला तिच्या आत्याचं नाव होतं. पत्रिका आजीनं सात वर्षं ट्रंकेत ठेवली होती आणि ‘शाळेच्या दारासाठी’ म्हणून काढून दिली होती. आजी थंडीत दोनदा शाळेपर्यंत चालत येऊन ते ठिगळ पाहून गेली होती. १,३८० रुपयांच्या दारासमोर कुणाचीही आजी थांबली नव्हती.